जुबेदाबी, माझी शिवी राहिली

जुबेदाबी,

परवा तुमच्या घरी मी दुपारभर बसले आणि एकही शिवी कानावर पडली नाही. तुम्ही ज्या घरात आहात तिथं असं कधी झालं नव्हतं. बायका हळू आवाजात कुराणाचे पारे वाचत होत्या. कुणी कुणाला जागा करून देताना 'आपा', 'खाला' म्हणत होतं. मला सारखं वाटत होतं, आतल्या खोलीतून तुमचा आवाज येईल, "क्या मुर्दों के जैसे बैठे गे सब, उस बाईकू चाय तो पिलाओ!" नाही आला.

तुमचा जनाजा नेला तेव्हा मी दाराच्या कडेला उभी होते. रडले नाही. चारचौघांत मला रडता येत नाही, बोलताही येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. घरी आले तर सून म्हणाली, "आई, डोळे का लाल झाले?" मी म्हटलं, "मिरचीचा ठसका लागला." घरात कुठं मिरची भाजलेली नव्हती. ती पाणी देऊन गेली.

आज ही वही घेऊन बसले आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तुमच्याशी बोलायला तेवढी पुरावी. समोर असताना तीस-पस्तीस वर्षं बोलले नाही ते आता बोलते.

गुलमंडी बाजाराच्या मागच्या बोळात आपलं मिरचीचं गोदाम होतं. परवा तुमच्याकडून येताना मुद्दाम त्या बोळातून आले. तिथं आता मोबाइलची दुकानं आहेत. मी क्षणभर थांबून वास घेतला. काहीच नाही. एवढी वर्षं तिथं मिरचीचे ढीग पडले, आणि भिंतीनं थोडासुद्धा वास ठेवला नाही.

आपण पंधरा-सोळा बायका गोण्या अंथरून रांगेत बसायचो आणि मिरचीची देठं खुडायचो. हाताला गोडं तेल, नाकाला पदर. तरी शिंका यायच्याच. एकीला आली की दुसरीला, मग अख्खी रांग शिंकायची आणि तुम्ही ओरडायच्या, "छप्पर उडाव मत गे सांडनियों, मालक पगार में से काटेगा!" मी तेवढी शिंक दाबून धरायची. नाक चिमटीत धरून, मान खाली घालून. एवढ्या बायकांत मोठ्यानं शिंकायचीसुद्धा मला लाज वाटायची.

रांगेत कुणाला तिच्या नावानं हाक नव्हती. कौसाबाईचे पुढचे दात पडलेले, ती 'बोळकी भोपळी'. सखूबाई सारखी उठून बाहेर जायची, ती 'उंडगी'. ही नावं तुम्ही द्यायच्या. आणि नव्या बाईला पहिल्याच दिवशी द्यायच्या, ती रीतच होती. तुम्ही तिला एक शिवी हाणायच्या, तिनं तुम्हाला उलट एक हाणायची. मग सगळ्या हसायच्या, आपापली गोणी सरकवून तिला मधे जागा करायच्या आणि रांगेकडून तिचा पहिला चहा यायचा. एका कपात दोघी. एक कपातून प्यायची, दुसरी बशीतून. तो चहा प्याला की ती बाई रांगेतली झाली. मग तिच्या नवऱ्यानं मारलं तर तुम्ही सगळ्या त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. तिच्या घरी आजारपण आलं तर तिच्या वाटणीची देठं दुसरी खुडायची.

माझा पहिला दिवस तुम्हाला आठवत होता. मला माहीत आहे, आठवतच होता.

देवगाव रंगारीहून लग्न होऊन येऊन मला दोन वर्षं झाली होती. कौसाबाई आमच्याच गल्लीतली. "घरात बसून येडी होशील, चल माझ्यासंगं," म्हणून तिनं मला आणलं. तुम्ही वर बघितलं, माझे हात बघितले. अजून मऊ होते.

"हात तो देखो, महाराणीके! ए नवी, घरी जाऊन लेकराला हात लावशील तर बोंबलंल हां ते. लेकरू हाय ना? का नुसतीच रिकामी गोणी?"

रांग हसली. मग सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या. आता माझी पाळी होती.

माझं तीन महिन्यांचं लेकरू जाऊन दीड महिना झाला होता. अंगावरचं दूध नुकतंच आटलं होतं.

मी अंथरलेली गोणी उचलली, भिंतीजवळ टोकाला नेऊन टाकली आणि दिवसभर देठं खुडत राहिले. संध्याकाळी नळावर सगळ्या हात धूत होत्या. कौसाबाई तुमच्या कानाशी लागली. मी लांबून बघत होते. तुम्ही हात अजून धुतला नव्हता. तोच मिरचीचा हात तुम्ही तोंडावर दाबला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची तुमची स्वतःची जागा तुम्ही झाडून ठेवली होती. मला म्हणालात, "बाई, तुमी इथं बसा. इधर हवा आती."

तेव्हापासून मी 'तुमी'. 'देवगाववाली बाई'. तुम्ही मान द्यायला लागल्यावर सगळी रांग द्यायला लागली. माझ्यासाठी चहाही यायचा, पण अख्खा कप, एकटीचा. पाहुणीला देतात तसा. तुम्ही दोघी-दोघी बशा फुंकत, एकमेकींच्या कपात डोकावत, "माझ्या वाट्याचा घोट गिळला गं मेली" म्हणत भांडायच्या, आणि मी खिडकीजवळ बसून माझा कप संपवायची. थंड व्हायचा तो माझ्या हातात. एकटीला एवढा चहा जात नाही.

पहिली काही वर्षं मला वाटायचं, तुम्ही रागावल्या आहात. मग वाटायला लागलं, तुम्हाला मी आवडत नाही. कारण ज्या बाईवर तुमचा जीव, तिला तुमच्या शिव्या जास्त. कौसाबाई तापातून उठून आली त्या दिवशी तुम्ही तिला दारातच गाठलं होतं. "आ गई बोळकी? मला वाटलं, तुझ्या तेराव्याचे लाडू खायला मिळतील." कौसाबाई त्या बिनदाताच्या तोंडानं अशी हसली, की तिचा अशक्तपणा तिथंच निम्मा गेला असेल. मी बघत होते. मला काय झालं ते कसं सांगू? सवतीचा मत्सर म्हणतात तो असाच असेल.

मी घरी भांडी घासताना तुमच्यासाठी शिव्या जुळवायची. खरंच. तवा घासता घासता ओठ हलायचे. एकदा नवऱ्यानं विचारलं, "कुणाशी बोलतीस गं?" मी म्हटलं, "हरिपाठ म्हणते." तुमच्यासाठी मी देवालाही खोट्यात ओढलं. पण गोदामात आले की तुम्ही म्हणायच्या, "आल्या का बाई? बसा." आणि जुळवलेलं सगळं घशातच राहायचं.

मग एक दिवस मी खुडलेल्या मिरचीची अर्धी गोणी मुद्दाम लवंडली. निवडलेली मिरची देठांच्या ढिगात गेली, सगळ्यांची सकाळची मेहनत वाया. सखूबाईकडून तेवढं झालं असतं तर तिच्या सात पिढ्या तुम्ही उकरून काढल्या असत्या. मी खाली मान घालून वाट बघत होते. म्हटलं, आता तरी.

तुम्ही उठलात, माझ्याशेजारी उकिडव्या बसलात आणि मिरची वेचायला लागलात. "होतं बाई. जाऊ द्या. हात भाजतील तुमचे, सरका."

त्या दिवशी मी नळावर तोंड धुताना रडले. मिरचीचे हात डोळ्यांना लागले म्हणून सांगितलं.

चार वर्षांनी माझा मुलगा झाला. तुम्ही जुन्या साड्यांचं दुपटं शिवून आणलंत, टाके एवढे बारीक. दाराबाहेरच उभ्या राहिलात. मी आत या म्हटलं तेव्हा आधी दोन्ही हात मला दाखवले. "चार बार धोए बाई, साबनसे. मिर्ची नै." आणि मग त्याला एका बोटानं शिवलात, गालाला नाही, पायाला. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, जुबेदाबी, माझं ते दुखणं आता तसं राहिलं नाही, द्या मला एक कचकचीत शिवी. शब्द तोंडात होते. मी म्हटलं, "चहा घेता का?"

गोदामातल्या मुनिमाचं तुम्हाला सांगायला नको. तरी लिहिते, कारण आपलं भांडण त्याच्यावरूनच झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

तो आम्हाला कधी वाकडं बोलला नाही. 'ताई' म्हणायचा. "ताई, पदराला देठं लागलीत," म्हणत मागून खांद्यावरची देठं काढायचा. एकेक, सावकाश. रांगेत बाकीच्यांशी असं करायची त्याची छाती नव्हती. मी बोलत नाही हे त्यानं ओळखलं होतं. महिनाभर मी दगड होऊन बसत होते. 'ताई' म्हणणाऱ्याची तक्रार करायची तरी काय? मानाच्या बोलण्याआड माणूस किती लपतो, ते मला तेव्हा कळलं.

तुम्ही कधी बघितलं, कोण जाणे. एक दिवस तो माझ्यामागं येऊन वाकला आणि तुमचा आवाज अख्ख्या बोळात गेला.

"ओ मुनीमजी! देठांची येवढी हौस हाय तर बसा की गोणीवर! ए बायांनो, सरका गं, आपला देठ्या आला!"

हमाल हसले. समोरचा चहावाला हसला. मुनीम म्हणाला, "तोंड सांभाळून बोल जुबेदा." तुम्ही म्हणालात, "तोंड सांभाळते, तुमी हात सांभाळा."

बस, एवढंच. त्याला मालकानं काही म्हटलं नाही, पोलीस आले नाहीत. पण आठ दिवसांत तो सगळ्या गुलमंडीचा देठ्या झाला. एकदा मालकाच्याही तोंडून चुकून निघालं, "अरे देठ्या, पावत्या आण." त्यानंतर तो कुठल्याच बाईच्या मागं उभा राहिला नाही. मला त्या दिवशी किती हलकं वाटलं! तुमचे पाय धरावेत असं वाटलं. तेही नाही जमलं.

पुढं गोदाम बंद पडलं. आपण पांगलो. महिन्या-दोन महिन्यांनी मी तुमच्याकडं यायची, तुम्ही सुपारी कातरत बसलेल्या असायच्या. त्याच दिवसांत मी एक वरात बघितली. मुनिमाच्या मुलाची. मुनीम म्हातारा झालेला, गुलाबी फेटा बांधून पुढं चालत होता. कुणीतरी ओटीवरून ओरडलं, "देठ्याची वरात आली रे!" बँडवाल्यांपर्यंत हसू गेलं. घोड्यावरच्या मुलानं मान खाली घातली, आणि वरात पुढं जाईस्तोवर वर केली नाही.

मी तशीच तुमच्याकडं आले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी चढ्या आवाजात बोलले.

"जुबेदाबी, आता पुरे झालं. ते नाव परत घ्या तुमी."

"म्या कुठं ओरडले? मी तर घरात बसलीय."

"नाव तुमीच दिलं ना?"

"द्यायलाच पायजे होतं. तुमच्या खांद्याला कोण हात लावत होतं, विसरल्या?"

"नाय विसरले. पण त्या लेकानं कुणाच्या खांद्याला हात लावला?"

तुमचा अडकित्ता थांबला. मग म्हणालात, "शिवी परत येत नै बाई. तोंडातनं सुटली का ती आपली राहत नै. मी एकदा लई हात पसरले तिच्यामागं. नै आली."

मला वाटलं, तुम्ही मुनिमाबद्दल बोलताय. मी म्हटलं, "तरी त्या हमालांना एकदा सांगून बघा." तुम्ही म्हणालात, "बघते." सांगितलंत का नाही, ते मी विचारलं नाही. घरी आले आणि भाकरी थापायला बसले. चौथी की पाचवी भाकरी तव्यावर असताना माझ्या लक्षात आलं, की तुम्ही पहिल्या दिवशीच्या कोणत्या शिवीमागं हात पसरले होते. भाकरी करपली. मी तशीच बघत राहिले.

जुबेदाबी, इतकी वर्षं! ती खिडकीजवळची जागा, ते 'तुमी', तो अख्खा कप. मी त्याला परकेपणा समजत होते. आणि तुम्ही तो दंड म्हणून भरत होता. माझ्यासमोर तोंड शिवून.

तेव्हाच उठून यायला हवं होतं. तुमच्या घरापासून माझं घर किती लांब, चालत वीस मिनिटं. पण मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी तुमच्याकडं पाहुणे होते. त्याच्या पुढच्या वेळी तुमचा गुडघा दुखत होता. मग माझा मुलगा चितेगावच्या कंपनीत लागला, नातू झाला, मी त्या घोळात पडले. हे सगळे बहाणे आहेत. खरं एवढंच, की तुमच्यासमोर बसले की माझं तोंड उघडत नव्हतं.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा ठरवूनच आले होते. वाटेत पाठ केलं होतं. तुम्ही एवढ्याशा झाल्या होत्या. दम लागत होता. मला बघून उठायला लागलात. "बाई, तुमी कायकू तकलीफ ली?" मी तुमचा हात धरला. म्हटलं, "जुबेदाबी..." आणि तुमची लेक शबाना चहा घेऊन आली. अख्खा कप, माझ्या एकटीचा. तुमच्यासाठी नव्हता, डॉक्टरनं बंद केला होता म्हणे. मी तो कप हातात धरून बसले. तुम्ही माझ्याकडं बघत होता. मी बशीत ओतून तुमच्यापुढं धरायला हवा होता. एका घोटानं काय झालं असतं? मी सगळा चहा एकटीनं प्यायले आणि "येते" म्हणून उठले.

परवा निघताना शबाना माझ्यामागं पायऱ्यांपर्यंत आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "खाला, एक बात बोलूं? बुरा नक्को मानो. अम्मी घर में आपकू क्या बोलती थी, मालूम?"

मी म्हटलं, "देवगाववाली बाई."

"नै. दबी छींक."

मला आधी कळलंच नाही. ती रडता रडता हसायला लागली. "तुमी शिंक दाबायच्या ना गोदामात, म्हणून. रोज घर कू आई की, पहले तुम्हारीच बात. 'आज मेरी दबी छींक थोडी हसी.' 'आज मेरी दबी छींक का बुखार उतरा.' एक बार तो बोली, 'आज पगली ने जानबूझ के मिर्ची सांडी, मेरे मुंह से गाली सुनने के वास्ते. मेरेकू सब समजता. पर मेरा मुंहच नै खुलता उसके सामने.'"

मी त्या पायरीवर बसले. बायका ये-जा करत होत्या, मी वाटेत बसले होते, पण मला उठवेना.

तीस-पस्तीस वर्षं माझं नाव होतं, जुबेदाबी. तुमच्या घरात, तुमच्या चुलीपाशी, तुमच्या लेकीच्या तोंडात. सगळ्यांच्या नावांपेक्षा चांगलं होतं. आणि मी घरी तवा घासत, दुसऱ्या बायकांना मिळालेली नावं मोजत बसले होते.

आपलं भांडण मात्र मी अजून सोडलेलं नाही. शिवी परत येत नाही, असं तुम्ही म्हणालात. देणाऱ्याला ती परत घेता येत नसेल, हे मी मानते. त्या मुलाची खाली गेलेली मान मी बघितली आहे. पण जिला दिली तिला तर देता येते ना उलट? तुमच्या रांगेची रीतच होती ती. तुम्ही द्यायची, तिनं उलट द्यायची, आणि मग ती शिवी कुणाचीच राहायची नाही, नुसतं हसू राहायचं. माझ्या बाबतीत निम्मंच झालं. पहिल्या दिवशी तुम्ही तुमची दिलीत. माझी पाळी होती आणि मी गोणी उचलून भिंतीकडं गेले. सगळ्या थांबल्या होत्या. तुम्हीही थांबलात, तशाच थांबून राहिलात.

तर ऐक. तवा घासताना जुळवलेल्यांतली ही सगळ्यांत जुनी आहे, दुसऱ्याच दिवशी सुचली होती.

मी रिकामी गोणी, तर तू फाटकी गोणी गं, जुबेदा. जिथं बसशील तिथं सांडशील, आणि बाकीच्यांनी जन्मभर वेचत बसायचं. मेले, जाताना तरी सांगून जायचं होतंस.

झाली माझी पाळी. आता सरक जरा, मला जागा कर. आणि चहा सांग, एकच कप. बशी माझी.